यंत्राच्या हिशेबाचा ताळा

घरात नवे यंत्र आले, मग ते मिक्सर असो, कपडे धुण्याचे असो की पाणी शुद्ध करण्याचे, त्याच्या खोक्याच्या तळाशी एक पुस्तिका असतेच. यंत्र बाहेर निघते, त्याला हळदकुंकू लागते, शेजारीपाजारी ते पाहूनही जातात. पुस्तिका मात्र वीजबिलांच्या खणात जाऊन पडते. यंत्र बंद पडले म्हणजे तिची आठवण होते, आणि नेमकी तेव्हा ती सापडत नाही. गृहस्थाच्या घरी ह्या सवयीने फारसे बिघडत नाही. फार तर चटणीचे भांडे तडकते. परंतु हीच सवय जेव्हा इमारतींचे हिशेब करणाऱ्या कचेरीत शिरते, तेव्हा तिची किंमत त्या कचेरीने नव्हे, तर त्या इमारतीत निश्चिंतपणे निजणाऱ्या कुटुंबांनी मोजावयाची असते. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही.

आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जी बहुमजली इमारत उभी राहते, तिच्या खांबांचा आकार, तुळयांतील सळ्यांची संख्या आणि पायाचा विस्तार ही सर्व संगणकाच्या साहाय्याने ठरतात. त्याकरिता 'स्टॅड', 'ईटॅब्स', 'सॅप' अशा नावांच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांना व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात त्या, सर्वत्र वापरल्या जातात. अमेरिकेतील प्राध्यापक हार्डी क्रॉस ह्यांनी १९३० साली तुळया आणि खांब ह्यांतील बेंडिंग मोमेंट वाटून काढण्याची एक सुलभ रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक वर्षे जगभरचे अभियंते कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल घेऊन त्या रीतीने मजल्यामागून मजला सोडवीत असत. जे काम तेव्हा कित्येक दिवस चाले, ते आज काही मिनिटांत होते. हा लाभ लहान नव्हे, आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु हाताने गणित करणाऱ्या माणसास आपण काय गृहीत धरले हे पक्के ठाऊक असे, कारण ते गृहीत त्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागे. यंत्रावर गणित करणाऱ्याने गृहीत लिहिले नाही तरी उत्तर येते. सगळा घोटाळा येथेच सुरू होतो.

ह्यासंबंधी एक बोधप्रद हकीकत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक एडवर्ड विल्सन ह्यांनी १९७० साली अशी एक आज्ञावली तयार केली आणि तिला 'सॅप' हे नाव दिले. इंग्रजी बोलीत ह्या शब्दाचा अर्थ भोळसट, सहज फसणारा मनुष्य असा होतो. हे नाव त्यांनी हेतुपुरस्सर निवडले होते. आज्ञावलीला बुद्धी नसते, रचनेचे योग्य चित्र तिच्यापुढे मांडणे आणि आलेल्या उत्तराची जबाबदारी घेणे हे अभियंत्याचेच काम आहे, ह्याची वापरणाऱ्यास नावानेच आठवण राहावी, असा त्यांचा उद्देश होता. ज्याने यंत्र घडविले त्यानेच त्याला भोळा म्हणावे, आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांनी मात्र त्याला सर्वज्ञ मानावे, असा हा विपरीत प्रकार आहे.

हा भोळेपणा कसा असतो, ते पाहण्यासारखे आहे. 'मौनं संमतिलक्षणम्' असे एक जुने वचन आहे. आज्ञावली त्या वचनाप्रमाणे वागते. तिला शंभर गोष्टी ठरवावयाच्या असतात. त्यांपैकी ज्यांविषयी अभियंता काही सांगतो, त्या ती त्याच्या म्हणण्याप्रमाणे घेते. ज्यांविषयी तो गप्प राहतो, त्या ती आपल्या मनाने धरते आणि एक शब्दही न विचारता पुढे जाते. ह्या आपोआप धरलेल्या मूल्यांना 'डीफॉल्ट' म्हणतात. आपण गप्प राहून कशाकशाला संमती दिली, ह्याची यादी एकाच ठिकाणी छापलेली असते, आणि ते ठिकाण म्हणजे आज्ञावलीबरोबर येणारी माहितीपुस्तके. ती न वाचणारा अभियंता हा न वाचलेल्या दस्तऐवजावर सही करणाऱ्या माणसासारखा होय.

एक साधे उदाहरण घेऊ या. घराच्या स्लॅबला सर्वांत मोठे ओझे बहुधा स्वतःचेच असते. प्रबलित काँक्रीटच्या एका घनमीटराचे वजन सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टन धरतात. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा खोलीवरील १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब त्या हिशेबाने सुमारे सव्वाचार टनांचा होतो. त्याच खोलीत माणसे, कपाटे, पलंग, पुस्तके ह्या सर्वांसाठी भारतीय मानकाप्रमाणे धरावयाचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे एकूण सुमारे सव्वादोन टन असतो. तेव्हा ज्याला स्वभार म्हणतात, तो बिऱ्हाडाच्या भारापेक्षा जवळजवळ दुप्पट आहे. आता 'स्टॅड'मध्ये हा स्वभार गणितात घ्यावा अशी आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. न दिल्यास तो धरला जात नाही. उलट 'सॅप' आणि 'ईटॅब्स' ह्यांत पहिल्या स्थिर भाराबरोबर तो आपोआप धरलेला असतो; तो पुन्हा निराळा घातला तर दुप्पट होतो. समजा, एखादा तरुण एका कचेरीत एका आज्ञावलीवर हात बसवून दुसऱ्या कचेरीत गेला आणि तेथे दुसरी आज्ञावली वापरू लागला. त्याचे ज्ञान तेच, परिश्रम तेच, सचोटीही तीच. परंतु पूर्वीचे यंत्र जेथे बोलत असे तेथे नवे यंत्र गप्प असते. पुस्तकाचे एक पान वाचले असते तर हा फरक कळला असता.

दुसरे उदाहरण भूकंपाचे. काँक्रीटला बारीक तडे जातात आणि त्यामुळे त्याचा ताठपणा कमी होतो. म्हणून भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६ सालच्या आवृत्तीने असे सांगितले की, गणित करताना तुळईचे जडत्व पूर्ण छेदाच्या ३५ टक्के आणि खांबाचे ७० टक्के धरावे. परंतु आज्ञावलीत ह्या जागी जो गुणक आपोआप बसलेला असतो, तो एक असतो; म्हणजे तडा नसलेले, अभंग काँक्रीट. अभियंता गप्प राहिला तर इमारत कागदावर प्रत्यक्षाहून ताठ दिसते आणि भूकंपात ती किती झुलेल ह्याचा आकडा लहान येतो. त्याच मानकाने एका मजल्याच्या सापेक्ष झुकण्यावर मजल्याच्या उंचीच्या हजारात चार एवढी मर्यादा घातली, म्हणजे तीन मीटर उंचीच्या मजल्याला १२ मिलिमीटर. ही मर्यादा पाळली गेली असे प्रमाणपत्र यंत्राच्या छापील तक्त्यावरून सहज देता येते, आणि तो तक्ता मुळातच चुकीच्या गृहीतावर उभा असू शकतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

अशा गृहीतांनी काय होऊ शकते, ह्याची साक्ष इतिहासात आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात सिव्हिक सेंटर नावाचे एक मोठे क्रीडागृह होते. त्याचे लोखंडी जाळीचे छप्पर सुमारे ११० मीटर लांब आणि ९१ मीटर रुंद होते, आणि त्याची रचना संगणकाच्या साहाय्याने केलेली होती. १९७८ सालच्या जानेवारीच्या १८ तारखेस पहाटे बर्फाच्या भाराखाली ते संपूर्ण छप्पर कोसळले. त्याच्या काही तासच आधी तेथे सुमारे पाच हजार प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत बसले होते. ते घरी परतले होते म्हणूनच मनुष्यहानी टळली. पुढे चौकशीत असे दिसून आले की, छपराच्या वरच्या अंगाच्या दांड्यांना मध्यभागी बाजूचा आधार आहे असे गणितात धरले होते. परंतु कडेच्या दांड्यांना प्रत्यक्षात तसा आधार पुरेसा मिळालेला नव्हता. दाबाखालच्या दांड्याची आधाराविना असलेली लांबी दुप्पट झाली की तो वाकून मोडण्याचा भार सुमारे चौथ्या हिश्शावर येतो, हे प्राथमिक शास्त्र आहे. ह्याहून शोचनीय गोष्ट अशी की, छप्पर जमिनीवर जोडले जात असतानाच ते गणितात आले होते त्याच्या सुमारे दुप्पट लवलेले आढळले होते. लोखंड स्वतःच बोलून दाखवीत होते. परंतु छापील आकड्यांवरील विश्वास त्या बोलण्यापेक्षा बळकट ठरला.

आजच्या आज्ञावल्यांच्या पुस्तकांत नेमके हेच स्पष्ट लिहिलेले असते: दांड्याची आधारविरहित लांबी सांगितली नाही तर दोन सांध्यांमधील अंतर हीच ती लांबी धरली जाईल. कागदावर एक सांधा वाढविणे सोपे आहे. तेथे खराखुरा आधार आहे की नाही, हे यंत्र कसे जाणणार? ते वाक्य वाचणारा अभियंता प्रत्येक सांध्यापाशी थांबून विचार करतो. न वाचणारा पुढे जातो.

नॉर्वेची हकीकत निराळ्या प्रकारची आहे. उत्तर समुद्रातील वायू काढण्यासाठी 'स्लाइप्नर ए' नावाच्या मंचाचा प्रचंड काँक्रीटचा पाया स्टाव्हांगर शहराजवळच्या गान्स फ्योर्डमध्ये तयार होत होता. १९९१ सालच्या ऑगस्टच्या २३ तारखेस तो चाचणीकरिता पाण्यात खाली उतरविला जात असताना एका कोठडीची भिंत फुटली आणि तो सगळा पाया समुद्रतळाशी जाऊन त्याचा चुराडा झाला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. परंतु एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरांचे झाले. तेथील गणितासाठी वापरलेली आज्ञावली नामांकित होती आणि ती बिघडलेलीही नव्हती. अशा गणितात भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून त्यांची एक जाळी करतात. ती जाळी नाजूक जागी फार जाडीभरडी आणि वेड्यावाकड्या आकाराची पडली होती. त्यामुळे त्या जागेचे कातरबल प्रत्यक्षाहून ४७ टक्क्यांनी कमी आले, त्या आकड्यावर भिंत बेतली गेली, आणि सळ्यांची मांडणीही तेथे अपुरी राहिली. अपघातानंतर अधिक काळजीने गणित केले तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरांवर फुटली होती. अर्थात शास्त्र खरे होते, यंत्र समर्थ होते, आणि उणीव होती ती वापराच्या मर्यादा पाळण्याची. तुकड्यांचा आकार किती वाकडा चालतो, जाळी केव्हा बारीक करावी, कोणत्या जागचा आकडा विश्वसनीय मानू नये, ह्या गोष्टी माहितीपुस्तकांतच असतात. परंतु तेथे त्या अंकगणिताच्या भाषेत, कोणताही धाक न दाखविता, शांतपणे लिहिलेल्या असतात. आणि शांतपणे सांगितलेले ऐकण्याची सवय पुष्कळांना नसते.

मग ही पुस्तके वाचावी तरी कशी, असा प्रश्न येतो. कारण ती हजारो पानांची असतात, आणि आरंभापासून अखेरपर्यंत ती वाचणारा मनुष्य मिळणे कठीण. परंतु शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून वाचीत नाही, तरी तो निरुपयोगी ठरत नाही. ह्या ग्रंथसंभारात साधारणतः पाच निरनिराळ्या जातींची पुस्तके असतात, आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणते उघडावे हे कळले म्हणजे निम्मे काम झाले. पहिले नवशिक्यांसाठीचे, ते कोणती कळ केव्हा दाबावी हे शिकविते, आणि बहुतेकांचे वाचन तेथेच संपते. दुसरे संदर्भग्रंथ, प्रत्येक आज्ञेचा अर्थ काय आणि तिच्या मागे कोणते शास्त्र आहे, हे त्यात असते. तिसरे निरनिराळ्या देशांच्या मानकांविषयीचे. भारतीय काँक्रीट-मानक २००० सालचे आणि पोलाद-मानक २००७ सालचे त्या आज्ञावलीत कसे उतरविले आहे, त्यातील कोणती कलमे ती तपासते आणि कोणती अभियंत्यावर सोडते, हे तेथे सांगितलेले असते. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची; कारण जे तपासलेच नाही ते उत्तीर्ण झाले असे समजणे हा नेहमीचा प्रमाद आहे. चौथे पडताळ्याच्या उदाहरणांचे; त्यात ज्यांची उत्तरे शास्त्राने आधीच ठाऊक आहेत अशी गणिते यंत्राकडून सोडवून दोन्ही उत्तरे शेजारी मांडलेली असतात. पाचवी ती आवृत्तीबरोबर येणारी टिपणे. कोणती चूक दुरुस्त झाली आणि कोणती पद्धत बदलली, हे त्यांत असते. त्यांकडे कोणीच पाहत नाही. मागल्या आवृत्तीच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती कपाटात जपून ठेवायच्या आणि काम मात्र नव्या आवृत्तीवर करायचे, हा प्रकार जुन्या पंचांगावरून नव्या वर्षाचा मुहूर्त काढण्यासारखा आहे.

वाचनाचा क्रम असा ठेवावा की, नव्या कामाच्या आरंभी त्या कामात येणाऱ्या प्रत्येक आज्ञेचे संदर्भग्रंथातील पान काढावे आणि तेथे एकच गोष्ट शोधावी: काही सांगितले नाही तर यंत्र काय धरते? जे धरते ते एका कागदावर उतरावे आणि त्यापुढे 'मान्य' किंवा 'बदलले' असे लिहून कारण नोंदवावे. अशा रीतीने दोन-तीन पानांचे एक टिपण तयार होते. ते टिपण शेकडो पानांच्या छापील आकड्यांपेक्षा अधिक मोलाचे असते, कारण दुसऱ्या अभियंत्याला तपासणी करावयाची झाल्यास तो प्रथम तेच मागेल. पुष्कळ कचेऱ्यांत पूर्वीच्या कामाचीच प्रत काढून तिच्यात नवे आकडे भरण्याची चाल आहे. त्यात वेळ वाचतो. परंतु जुन्या इमारतीची गृहीतेही नकळत नव्या इमारतीत बिऱ्हाड करतात. असे टिपण असले म्हणजे हे आगंतुक भाडेकरू ओळखू येतात.

वाचनाच्या पुढची पायरी ताळ्याची. पूर्वीच्या शाळांतून गुणाकार-भागाकार झाल्यावर ताळा करून पाहिल्यावाचून पाटी पुढे करीत नसत. यंत्राचाही ताळा करता येतो, आणि तो अगदी साधा आहे. सहा मीटर लांबीची, दोन्ही टोकांना नुसती टेकलेली एक तुळई घ्यावी, तिच्यावर दर मीटरला २० किलोन्यूटन भार द्यावा. सूत्राप्रमाणे मध्यावरील बेंडिंग मोमेंट ९० किलोन्यूटन-मीटर आणि प्रत्येक टोकाची प्रतिक्रिया ६० किलोन्यूटन आली पाहिजे. यंत्रही तेच देईल. परंतु तुळईची लवण पाहिली तर, तिची खोली ५०० मिलिमीटर असल्यास, यंत्राचा आकडा क्रमिक पुस्तकातील सूत्राहून सुमारे दीड टक्क्याने अधिक येतो. अननुभवी मनुष्य येथे गोंधळतो आणि एकतर यंत्राला नाहीतर सूत्राला दोष देतो. माहितीपुस्तक उघडले म्हणजे उलगडा होतो: क्रमिक सूत्र केवळ वाकण्यामुळे येणारी लवण मोजते, आणि यंत्र कातरबलामुळे येणारीही तीत मिळविते. एवढ्याशा दीड टक्क्याचे कारण ज्याने शोधले, त्याला पुढे दुपटीची तफावत दिसली असता तो खचित झोपून राहणार नाही.

मोठ्या इमारतीचाही असाच ढोबळ ताळा असतो. सर्व मजल्यांचे वजन हाताने अदमासे मोजावे आणि यंत्राने दिलेल्या पायाच्या सर्व प्रतिक्रियांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहावी. त्याचबरोबर निकालाच्या कागदात ज्या ताकिदी छापलेल्या असतात, त्या एकूणएक वाचाव्या. एखादा सांधा गणितात अस्थिर आढळला, तर काही आज्ञावल्या तेथे एक दुर्बळ काल्पनिक स्प्रिंग बसवून गणित पुरे करतात आणि तसे केल्याची एक ओळ छापून मोकळ्या होतात. उत्तर मिळते, चित्रे रंगीत येतात. परंतु त्या इमारतीचा एक सांधा केवळ यंत्राच्या कृपेने उभा असतो.

ह्याचा अर्थ माहितीपुस्तक म्हणजे वेदवाक्य, असा मात्र करू नये. ते माणसांनीच लिहिलेले असते, त्यात चुका राहतात, आणि आज्ञावली बनविणारे स्वतःच त्यात बजावून ठेवतात की निकालांची खातरजमा करण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. पडताळ्याच्या उदाहरणांनीही जेवढे तपासले तेवढेच सिद्ध होते. पुस्तक, मानक आणि हाताचा ताळा ह्या तिघांची साक्ष जुळली म्हणजेच उत्तर ग्राह्य मानावे.

राहता राहिला प्रश्न सामान्य गृहस्थांचा. जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत असताना गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून वाहनतळ, फरश्या आणि चौरस फूट ह्यांवर तासन् तास वाद होतात. त्याच सभेत तीन प्रश्न विचारण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही. इमारतीचे गणित कोणत्या आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या सालच्या मानकांप्रमाणे केले आहे? त्यात काय गृहीत धरले आहे, ह्याचे लेखी टिपण आहे काय? आणि ते गणित दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र अभियंत्याने तपासले आहे काय? उत्तरातील प्रत्येक शब्द समजला नाही तरी हरकत नाही. असे प्रश्न विचारले जातात हे कळले म्हणजे कचेरीतील तरुण अभियंत्याला ते पुस्तक उघडण्यासाठी लागणारा अर्धा दिवस मिळतो. एरवी तो त्याला कोणी देत नाही, कारण त्या अर्ध्या दिवसाचे काम नकाशात कोठेच दिसत नाही.

हार्टफर्डच्या त्या प्रेक्षकांना आपल्या डोक्यावरील छपराच्या गणितात काय धरले आहे, हे जाणण्याचा काहीच मार्ग नव्हता. ते सामना पाहून घरी गेले आणि सकाळी त्यांनी बातमी ऐकली. प्रत्येक वेळी काही तासांचे असे अंतर मिळेलच, अशी हमी कोणतेही पुस्तक देत नाही. म्हणून यंत्राने हिशेब करावा हे योग्यच. परंतु त्याचा ताळा माणसाने पाहावा, आणि तो कसा पाहावा हे ज्यात लिहिले आहे ते पुस्तक खणात पडू देऊ नये.